चार मीटरचं अंतर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

'हातपाय चालते आहेत तोवर देवानं उचलावं,' हे वाक्य आपल्याकडे साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडून किती वेळा ऐकू येतं! एखादा माणूस फार न झिजता, अंथरूण न धरता गेला, तर आपण म्हणतो, 'चालताबोलता गेला.' म्हणजे धडधाकट माणूस कोणता, हे मराठी भाषेनं दोन क्रियापदांत सांगून टाकलं आहे. चालणं आणि बोलणं. त्यात रक्तातली साखर नाही, छातीचा आलेख नाही.

वैद्यकशास्त्राला मात्र चालणं ही मोजायची गोष्ट आहे हे पटायला फार वेळ लागला. वास्तविक चालण्याचा वेग मोजायला काय लागतं? जमिनीवर दोन खुणा आणि एक सेकंदकाट्याचं घड्याळ. ताप मोजायला काचेची नळी आणि पारा लागला. लाइपझिगच्या वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांच्या तापाच्या नोंदींवरचा ग्रंथ १८६८ साली काढला, आणि थर्मामीटर दवाखान्यात रुजला. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं साधन इटलीच्या रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दिलं. ही दोन्ही साधनं तुलनेनं अवघड. दोन खुणा आणि घड्याळ त्याहून कितीतरी सोपं. तरीही म्हाताऱ्या माणसाला चार मीटर चालायला लावून किती सेकंद लागले ते केसपेपरवर लिहायची पद्धत विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस आली. माझ्या मते या उशिराचं एक कारण असं, की ज्या गोष्टीला यंत्र लागत नाही ती गोष्ट शास्त्रीय वाटत नाही. दुसरं कारण इतिहासात आहे. चालणं ज्यांनी ज्यांनी मोजलं, त्यांना पुष्कळ काळ म्हाताऱ्यांत रस नव्हताच.

त्याआधी हजारो वर्षं माणसाच्या पावलांनी मोजली गेली ती जमीन. इंग्रजांनी आपल्याकडे आणलेला 'मैल' हा शब्दच मुळात रोमन सैनिकांच्या हजार दुहेरी पावलांवरून आला आहे. आणि आपल्याच देशातलं उदाहरण घ्यायचं तर पंडित नैनसिंह रावत यांचं. कुमाऊंमधल्या मिलामच्या खोऱ्यातले हे शाळामास्तर. तिबेटात गोऱ्या माणसाला शिरकाव नव्हता, म्हणून सर्वेक्षण खात्याच्या कॅप्टन माँटगोमरींनी त्यांना देहरादूनला आणून शिकवलं. चढ असो वा उतार, पाऊल एकाच मापाचं पडलं पाहिजे, हे त्या शिक्षणातलं मुख्य अंग. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्राच्या पोटात मंत्राऐवजी मोजणीचे कागद. १८६६च्या जानेवारीत नैनसिंह ल्हासाला पोचले, आणि त्यांनी चालून मोजलेली अंतरं पुढे नकाशांत गेली. लंडनच्या रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीनं १८७७ साली त्यांना सुवर्णपदक दिलं. इथं चालणारा माणूस म्हणजे मोजपट्टी. त्या मोजपट्टीचीच मोजणी करावी, हा विचार युरोपात नुकता सुरू झाला होता.

सुरुवात केली दोन जर्मन भावांनी. विल्हेल्म वेबर हा पदार्थवैज्ञानिक. गाउस या थोर गणितज्ञाबरोबर त्यानं ग्यॉटिंगेनमध्ये १८३३ साली विजेची तार टाकून संदेश पाठवून दाखवले होते. धाकटा एडुआर्ड हा शरीररचनेचा अभ्यासक. या दोघांनी १८३६ साली माणसाच्या चालण्याच्या यंत्रणेवर एक पुस्तक लिहिलं. मोजलेल्या अंतरावर चालायचं, पावलं मोजायची, घड्याळ पाहायचं. एवढ्या सामग्रीवर त्यांनी पावलाची लांबी, पावलाला लागणारा वेळ आणि वेग यांची कोष्टकं तयार केली. आपण वेगानं चालतो तेव्हा पावलं झपझप पडतात आणि लांबही पडतात, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा वाढतात, हे त्यांनी आकड्यांत मांडलं. पुढे येणारा पाय हा घड्याळाच्या लंबकासारखा आपोआप झुलतो, अशी त्यांची कल्पना होती. ती पुढे पुरती टिकली नाही. पण चालण्याचा वेग आकड्यात लिहायला सुरुवात तिथून झाली.

नंतरचा जो काळ आहे तो सैन्याच्या पावलांचा. १८७०च्या युद्धात प्रशियाकडून मार खाल्ल्यावर फ्रान्समध्ये सैनिकाचं शरीर हा राष्ट्रीय चिंतेचा विषय झाला. पॅरिसच्या एटिएन-ज्यूल मारे यांनी बुटाच्या तळव्यात हवेची पिशवी बसवली. पाऊल टेकलं की हवा नळीतून हातातल्या यंत्रात जायची आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. १८८२ साली त्यांना शहराच्या कडेला स्वतंत्र प्रयोगशाळा मिळाली. तिथं गोल धावपट्टी होती, आणि एकाच काचेवर चालत्या माणसाची लागोपाठ छायाचित्रं टिपणारा कॅमेरा होता. सिनेमाच्या इतिहासात मारे यांचं नाव येतं ते यामुळे. जर्मनीत ब्राउने आणि फिशर यांनी १८९१ साली एका तरुणाच्या अंगावर विजेच्या बारीक नळ्या बांधून, अंधारात त्याला चालवून छायाचित्रं घेतली. त्या नळ्या बांधायलाच कित्येक तास लागत. काढलेल्या थोड्याशा छायाचित्रांचं गणित संपायला पुढची बारा-तेरा वर्षं गेली. ब्राउने तर मध्येच वारले. हा सगळा खटाटोप पाठीवर ओझं घेतलेला शिपाई कसा चालतो हे समजावं म्हणून. प्रयोगातला माणूस तरुण, पुरुष आणि निरोगी. हे लक्षात ठेवा, कारण या तरुण पुरुषाशी शेवटी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

आजारी माणसाची चाल कागदावर उतरली ती पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात. झील द ला तूरेत या डॉक्टरचं नाव आज एका मज्जाविकारामुळे माहीत आहे. त्यानं १८८६ साली भिंतीला लावायच्या कागदाचा सात-आठ मीटरचा लांबलचक पट्टा जमिनीवर अंथरला, रुग्णांच्या तळपायांना लोखंडाच्या तांबड्या गंजाची पूड लावली आणि त्यांना त्यावरून चालायला लावलं. लक्ष्मीची पावलं काढणाऱ्या समाजाला ही युक्ती नवी वाटणार नाही. त्या तांबड्या ठशांवरून पावलांची लांबी, दोन पावलांतलं अंतर, पाय बाहेर वळतो की आत, सगळं मोजता आलं. वेळ मात्र त्या कागदावर उमटत नव्हता.

या इतिहासातला मला सर्वांत हलवून गेलेला प्रसंग दवाखान्यातला नाहीच. तो आहे ऑस्ट्रियातल्या एका गिरणीच्या गावातला. व्हिएन्नाच्या आग्नेयेला मारिएनथाल नावाची वस्ती होती. सारं गाव एका कापडगिरणीवर जगणारं. १९२९-३०च्या मंदीत ती गिरणी बंद झाली आणि ४७८ कुटुंबांच्या वस्तीत जवळजवळ सगळेच बेकार झाले. व्हिएन्नातल्या तरुण संशोधकांचा एक गट १९३१च्या अखेरीस तिथं गेला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल ही त्यातली मुख्य नावं. बेकारीनं माणसं पेटून उठतात की खचतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी मुलाखती घेतल्या, घरोघरच्या जेवणाच्या नोंदी ठेवल्या, मुलांकडून निबंध लिहून घेतले, वाचनालयाची वही तपासली. वेळच वेळ हाती असताना वाचन वाढायला हवं होतं. प्रत्यक्षात पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं.

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गावच्या मुख्य रस्त्यावरच्या एका खिडकीआड बसून, कोणाला कळू न देता, घड्याळ लावून येणाजाणाऱ्यांचा वेग मोजला. ३३ पुरुष आणि १७ बायका. त्या ३३ पुरुषांपैकी १८ जण ताशी तीन किलोमीटरच्या वेगानं चालत होते. ताशी पाच किलोमीटरनं चालणारे फक्त सात. बायकांचं नेमकं उलट. १७ जणींपैकी १० ताशी पाच किलोमीटरनं चालल्या होत्या. पुरुष केवळ हळू चालत नव्हते, ते थांबतही होते. जवळजवळ दोन-तृतीयांश पुरुष त्या तेवढ्याशा रस्त्यात निदान दोनदा थांबले. बायकांत असं थांबणाऱ्या अगदी थोड्या.

यातला कोणीही पुरुष आजारी म्हणून मोजला गेला नव्हता. गुडघे तेच, फुप्फुसं तीच. गिरणीचा भोंगा बंद झाल्यावर त्यांना कुठं वेळेवर पोचायचं नव्हतं. बायकांची गिरणीतली नोकरी गेली होती, पण चूल, धुणं, पोरं काही गेली नव्हती. म्हणून त्यांची पावलं लगबगीनं पडत होती. १९३३ साली हा अभ्यास पुस्तकरूपानं निघाला, त्याच वर्षी शेजारच्या जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. पुढे हे तिघेही देश सोडून गेले आणि पुस्तक कित्येक वर्षं अडगळीत पडलं. चालण्याच्या वेगाचा इतिहास सांगणारे डॉक्टर सहसा मारिएनथालचं नाव घेत नाहीत. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. वेग पायांत असतो, पण फक्त पायांत नसतो, हे तिथं पहिल्यांदा घड्याळानं सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धानं पाय गमावलेली हजारो तरुण माणसं मागं ठेवली, आणि नंतर पोलिओच्या साथींनी त्यात भर घातली. कृत्रिम पाय आणि कॅलिपर नीट करायचे तर आधी नीट चाल म्हणजे काय ते समजलं पाहिजे, म्हणून अमेरिकेत चालण्याच्या प्रयोगशाळा निघाल्या. मिलवॉकीच्या मेरी पॅट मरे यांनी १९६४ साली ६० निरोगी पुरुषांच्या चालीची मापं प्रसिद्ध केली, आणि पाच वर्षांनी ८७ वर्षांपर्यंतच्या निरोगी म्हाताऱ्यांचीही. म्हातारी माणसं आखूड पावलं टाकतात, हळू चालतात. निसरड्यावरून चालावं तशी जपून. कॅलिफोर्नियात जॅकलिन पेरी या बाई होत्या. युद्धकाळात लष्करात फिजिओथेरपिस्ट, नंतर अस्थिशल्यविशारद. अर्धांगवायूनंतर कोण किती हिंडू-फिरू शकेल याची विभागणी पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली १४७ रुग्णांच्या अभ्यासावरून केली. सेकंदाला ०.४ मीटरच्या आत वेग असलेला माणूस घरातल्या घरात फिरतो. ०.४ ते ०.८ वाला घराबाहेर पडतो, पण बेतानं. ०.८च्या वर गेला की बाजारहाट, देवदर्शन, बँक, सगळं होतं. एका आकड्यानं माणसाचं जग घरापुरतं की गावभर, हे ठरवून टाकलं!

दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांची वाट थोडी वेगळी. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली दाखवलं, की जवान बारा मिनिटांत किती अंतर काटतो यावरून त्याच्या हृदय-फुप्फुसांची ताकद बऱ्यापैकी समजते. महागडं यंत्र नसलं तरी चालतं. १९७६ साली एडिंबरामधल्या डॉक्टरांनी ती कल्पना छातीच्या जुनाट आजाराच्या रुग्णांना लावली. धावायचं नाही, चालायचं. दम लागला तर थांबायचं, पुन्हा निघायचं. पण धाप लागणाऱ्या माणसाला बारा मिनिटं म्हणजे शिक्षाच. म्हणून १९८२ साली लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाचण्या ताडून पाहिल्या. तिन्ही जवळपास सारखंच सांगतात, असं दिसलं. सहा मिनिटं हा मधला मार्ग ठरला, आणि आज जगभर, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही, व्हरांड्यात तीस मीटरवर खूण करून जी चाचणी घेतात ती हीच.

तिच्या पोटात एक गमतीची गोष्ट दडलेली आहे. कॅनडाच्या गॉर्डन गायट यांनी १९८४ साली दाखवून दिलं, की चालणाऱ्याला 'छान, चालू द्या' असं म्हणत राहिलं, तर तो सहा मिनिटांत सरासरी तीस मीटर जास्त चालतो. एखाद्या औषधानं एवढा फरक पडला तर औषध कंपनी आनंदून जाईल! तेव्हा २००२ साली अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं नियम घालून दिले, की दर मिनिटाला काय बोलायचं, तेही ठरल्या शब्दांत आणि सपाट आवाजात. आपल्याकडे रुग्णाबरोबर आलेल्या मुलीनं किंवा सुनेनं बाकावरून 'बाबा, जमतंय, चला' म्हटलं, की चाचणीचा आकडा बदलतो.

म्हातारपणाकडे वळायला मात्र १९८०चं दशक संपावं लागलं. १९९१ साली मॉन्ट्रियलमध्ये पोडसियाडलो आणि रिचर्डसन यांनी एक साधी परीक्षा सुचवली. खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत या, बसा. किती सेकंद लागले ते लिहा. त्याच सुमारास अमेरिकेच्या वार्धक्य संस्थेतले जॅक गुराल्निक आणि त्यांचे सहकारी एकाहत्तरच्या वरच्या पाच हजारांहून अधिक माणसांच्या घरी जात होते. उभं राहून तोल सांभाळणं, खुर्चीतून पाच वेळा उठणं आणि आठ फूट चालणं, एवढंच ते पाहत. आठच फूट, कारण घराच्या खोलीत तेवढीच मोकळी जागा मिळायची. १९९५ साली त्यांनी दाखवलं, की आज ज्यांना कसलाही त्रास नाही अशा म्हाताऱ्यांमध्येही ही मापं कमी भरली, तर चार वर्षांत त्यांना चालणं, अंघोळ, कपडे घालणं जड जाण्याची शक्यता बरीच जास्त. म्हणजे माणूस 'मला काही होत नाही' म्हणतो आहे, तो खोटंही बोलत नाही, आणि त्याच्या पावलांनी पुढची बातमी आधीच दिली आहे.

मग आला २०११ सालचा गाजलेला लेख. स्टेफनी स्टुडेन्स्की आणि सहकाऱ्यांनी नऊ वेगवेगळे अभ्यास एकत्र केले. पासष्टच्या पुढचे ३४,४८५ लोक, ६ ते २१ वर्षांपर्यंतचा पाठपुरावा. सरासरी वेग सेकंदाला ०.९२ मीटर. वेग ०.१ मीटरनं जास्त असेल, तर त्या काळात मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी. पंचाहत्तर वर्षांच्या पुरुषांत सर्वांत हळू चालणाऱ्यांपैकी आणखी दहा वर्षं जगणारे १९ टक्के, तर सर्वांत वेगानं चालणाऱ्यांपैकी ८७ टक्के. बायकांत हेच आकडे ३५ आणि ९१. वय, लिंग आणि वेग एवढ्या तीन गोष्टींवरून बांधलेला अंदाज हा आजारांची यादी, रक्तदाब, वजन वगैरे घालून बांधलेल्या अंदाजाइतकाच बरोबर निघाला. त्याआधी २००९ साली फ्रिट्झ आणि लुसार्डी या फिजिओथेरपीच्या अभ्यासकांनी चालण्याच्या वेगाला 'सहावं जीवनचिन्ह' म्हटलं होतं. नाडी, श्वास, ताप, रक्तदाब ही पहिली चार. वेदना हे पाचवं धरावं अशी मोहीम अमेरिकेत नव्वदच्या दशकात झाली होती.

याच २०११च्या नाताळात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं एक थट्टेखोर लेख छापला. आकडे मात्र खरे. सिडनीतल्या सत्तरीच्या पुढच्या १,७०५ पुरुषांच्या चालीवरून संशोधकांनी यमराजाचा वेग काढला! सेकंदाला ०.८२ मीटर, म्हणजे ताशी तीन किलोमीटरच्या किंचित आत. सेकंदाला १.३६ मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं चालणाऱ्या एकालाही यमानं त्या काळात गाठलं नाही. अर्थात असे चालणारे होतेच थोडे. त्या डॉक्टरांना सावित्रीची गोष्ट ठाऊक नसावी. यमाच्या मागोमाग न थांबता चालत राहून, वर बोलत राहून तिनं त्याला जेरीस आणलं होतं.

एवढ्याशा चालण्यात एवढं काय असतं? उभं राहून एक पाऊल टाकायचं, तर डोळ्यांनी वाट पाहावी लागते, कानाच्या आतल्या भागानं तोल सांगावा लागतो, मेंदूनं आज्ञा द्यावी लागते, मज्जातंतूंनी ती पोचवावी लागते, स्नायूंनी ओढ घ्यावी लागते, सांध्यांनी वळावं लागतं, आणि हृदय-फुप्फुसांनी इंधन पुरवावं लागतं. यांपैकी कुठंही थोडी गळती झाली, तरी शरीर सांभाळून घेतं. आणि सांभाळून घेताना वेग सोडतं. म्हणून वेग कमी झाला एवढं कळतं, का कमी झाला ते कळत नाही. ताप आला की मलेरिया आहे की टायफॉइड हे जसं थर्मामीटर सांगत नाही, तसंच. उपयोग मात्र खरा. मॉन्ट्रियलचे जोनाथन अफिलालो यांनी २०१० साली सत्तरीच्या पुढच्या, हृदयशस्त्रक्रिया व्हायच्या असलेल्या १३१ रुग्णांना पाच मीटर चालवून पाहिलं. ज्यांना सहा किंवा जास्त सेकंद लागले, त्यांना शस्त्रक्रियेनंतर मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत होण्याचा धोका सुमारे तिप्पट होता.

बोलण्याचा आणि चालण्याचा संबंध आपल्या 'चालताबोलता' या शब्दात आहे, तो शास्त्रातही सापडला. १९९७ साली स्वीडनमधल्या वृद्धांच्या निवासात ५८ जणांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या गेल्या. बारा जण बोलण्यासाठी जागीच थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. चालणं ज्याचं आपोआप होत नाही, त्याला बोलण्यासाठी चालणं थांबवावं लागतं. न्यूयॉर्कमधले जो व्हर्गीस यांनी २०१३ साली याच धाग्यावर पुढचं पाऊल टाकलं. वेग मंदावलेला आणि विसरायला होतं अशी तक्रार, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं त्यांनी मांडलं. केरळातल्या वृद्धांचा अभ्यासही त्यांच्या कामाचा भाग आहे.

इथं एक इशारा द्यायला हवा, कारण अशी माहिती वाचून उद्या सकाळी बागेत आजोबांची शर्यत लागायची. वेग हा दर्शक आहे. थर्मामीटर बर्फात बुडवल्यानं ताप उतरत नाही. पण चालण्याचा सराव निरुपयोगी आहे असंही नाही. अमेरिकेत सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या, बैठं आयुष्य जगणाऱ्या १,६३५ लोकांपैकी निम्म्यांना सरासरी अडीच वर्षांहून थोडा अधिक काळ नियमित चालणं आणि व्यायाम करायला लावलं, उरलेल्यांना आरोग्यावरची व्याख्यानं दिली. चारशे मीटर चालता न येण्याची वेळ व्यायामवाल्यांपैकी ३०.१ टक्क्यांवर आली, व्याख्यानवाल्यांपैकी ३५.५ टक्क्यांवर. २०१४ सालचे हे आकडे आहेत. फरक चमत्काराचा नाही, पण आहे. आणि ही गोष्ट म्हातारपणीच सुरू होते असंही नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. २०१९ साली त्यातल्या ९०४ जणांचा पंचेचाळिसाव्या वर्षीचा वेग मोजलेला प्रसिद्ध झाला. त्याचा धागा त्यांच्या तिसऱ्या वर्षी घेतलेल्या मेंदूच्या चाचण्यांपर्यंत मागे गेला.

आपल्याकडे हे मोजमाप मोठ्या प्रमाणावर झालं ते मुंबईतूनच. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं देशभरातल्या पंचेचाळीसच्या पुढच्या लोकांची जी पाहणी हाती घेतली, तिच्या २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ७२ हजारांवर माणसं होती. त्यांतल्या साठीच्या पुढच्यांना चार मीटर चालवून वेळ घेतली गेली. हे गरजेचंच होतं. युरोप-अमेरिकेची रेघ आपल्याला जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानंही स्नायूंच्या झिजेसाठीची रेघ २०१४ साली सेकंदाला ०.८ मीटर ठेवली होती, ती २०१९ साली १.० वर नेली.

आता तो तरुण पुरुष. रस्त्यावरचा सिग्नल पायी चालणाऱ्याला किती सेकंद द्यायचा, हे ठरवताना वाहतुकीच्या अभियंत्यांनी एक वेग गृहीत धरला. अमेरिकेत सेकंदाला चार फूट, म्हणजे १.२२ मीटर, ब्रिटनमध्येही १.२. ताशी चार किलोमीटरहून थोडा जास्त. धडधाकट माणसाला यात काही वाटणार नाही. पण बारा मीटरचा रस्ता घ्या. १.२च्या हिशेबानं दहा सेकंद मिळाले. ०.८नं चालणाऱ्या आजी दहा सेकंदांत आठ मीटर जातात. दिवा बदलतो तेव्हा त्या चार मीटर अलीकडे, गाड्यांच्या तोंडाशी उभ्या असतात. दवाखान्यात मोजतात तेच चार मीटर. लॉस एंजेलिसमध्ये १९९४ साली ५९२ वृद्धांना रस्ता ओलांडताना पाहिलं, तेव्हा २७ टक्के लोक दिवा बदलेपर्यंत पलीकडे पोचले नव्हते. १९९७ साली न्यू हेवनमध्ये बहात्तरच्या पुढच्या लोकांची तपासणी झाली. नेहमीच्या चालीनं तो वेग गाठणारे एक टक्काही निघाले नाहीत. इंग्लंडमध्ये २०१२ साली पासष्टच्या पुढचे ७६ टक्के पुरुष आणि ८५ टक्के बायका १.२च्या खाली चालतात असं दिसलं. म्हणजे नियम ज्यांना धरून केला, ती माणसं वेगळीच होती.

आपल्या शहरांत पादचाऱ्यासाठी हिरवा दिवा असणं हेच मुळात नवल, आणि तो असला तरी डावीकडे वळणारी रिक्षा त्याला जुमानत नाही, ते सोडा. पण सेकंद ठरवण्याचं गणित सगळीकडे एकच आहे, आणि ते बदलता येतं. अमेरिकेनं २००९ साली चार फुटांचे साडेतीन फूट केले. त्याच वर्षी सिंगापूरनं दुसरीच युक्ती काढली. तिथं ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांकडे सवलतीच्या प्रवासाचं कार्ड असतं. रस्ता ओलांडण्याआधी ते खांबावरच्या पेटीला टेकवायचं; मग हिरवा दिवा रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त थांबतो.